समोरच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

बावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. कोकणची किनारपट्टी फळ्यावर डोळे मिटून काढायचे. पुळण म्हणजे काय, खाडी कशी होते, भरतीची वेळ रोज थोडी पुढे का सरकते, सगळं तोंडपाठ. एकदा सातवीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?" मी म्हटलं, "पाहिलाय की." ती खाली बसली आणि मी पुढचा धडा घेतला. समुद्र मी पाहिला नव्हता. जायकवाडीचं धरण तुडुंब भरलेलं पाहिलं होतं आणि तेवढ्यावर भागवलं होतं.

माझं माहेर लासूर स्टेशनचं. मुंबईच्या गाड्या आमच्या घरामागून जायच्या. वडील भिक्षुकी करायचे. गावातलं कुणी लांब निघालं की आधी त्यांच्याकडे यायचं, कारण कोणत्या वारी कोणत्या दिशेला जाऊ नये हे ते सांगायचे. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ, म्हणजे मुंबईला शुक्रवारी निघायचं नाही. निघावंच लागलं तर प्रस्थान ठेवायचं. आदल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधायचं आणि त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरायचं. दुसऱ्या दिवशी तिथून उचलायचं आणि निघायचं. अट एकच, ठेवलेलं प्रस्थान प्रवास केल्याशिवाय घरी परत आणायचं नाही. अख्ख्या गावाची प्रस्थानं वडिलांनी बांधून दिली. स्वतः मनमाडच्या पुढे कधी गेले नाहीत.

चार वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाच शब्द उरले. अगं, पाणी, हो, नको, जा. मी नोकरी सोडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, पातळ भात भरवायचा, पुन्हा कूस बदलायची. लोक म्हणायचे, किती करता तुम्ही. मला त्या वाक्याचा राग यायचा. करत नव्हते तर काय करणार होते?

संध्याकाळी काम आवरून मी त्यांच्या खाटेजवळ नुसती बसले की ते म्हणायचे, "जा." म्हणजे ऊठ, बाहेर जा, माणसांत जा. रोज तेच. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "कुठं जाऊ? मुंबईला जाऊ? समुद्र बघायला?" टोमणाच मारला होता मी. ते अर्ध्या चेहऱ्यानं हसले. म्हणाले, "हो. जा."

त्या टोमण्यातून बेत निघाला. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याला फोनवर सांगितलं तर तो एवढा आनंदला की मलाच संकोच वाटला. "आई, तू जाच. शुक्रवारी मी सुट्टी टाकतो. रविवार संध्याकाळपर्यंत बाबा माझ्याकडे." तिकीट त्यानंच काढलं. शुक्रवारी दुपारची गाडी, रविवारी परत. लॉज मात्र मी स्वतः ठरवलं. दादरला फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "सोबत कोण?"

"कोणी नाही."

"एकट्याच? काही काम आहे का?"

"समुद्र बघायचाय."

तो म्हणाला, "चालत दहा मिनिटांवर आहे मॅडम. आधारकार्ड आणा."

नमनालाच घडाभर तेल म्हणतात तशी माझी तयारी चालली होती. वहीत भरतीच्या वेळा उतरवल्या. शनिवारी सकाळी ओहोटी, तेव्हा वाळूवर लांबपर्यंत चालता येईल. दुपारी खोलीत झोपायचं, कुणी उठवेपर्यंत. तिथं उठवणारं कुणी नसेल हे लक्षात आलं आणि मी ते वाक्य वहीत दोनदा लिहिलं. मुलासाठी एक कागद करून फ्रिजवर लावला. गोळ्या, भाताचं प्रमाण, कूस बदलायच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर.

बुधवारी लक्षात आलं की निघणं शुक्रवारचं आहे आणि दिशा पश्चिम. मला हसू आलं. आयुष्यभर मुलांना वारे आणि अक्षांश शिकवलेली बाई मी. पण भीती काही शिकवून जात नाही. चार वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून लांब जाणार, आणि मागं यांना काही झालं तर? गुरुवारी मी बॅग भरली, वर तांदळाची पुरचुंडी ठेवली. यांना दाखवलं तर ते खांदा हलेपर्यंत हसले. सासरेही भिक्षुकच होते, त्यामुळे यांनी जन्मभर या गोष्टींची टिंगल केली होती.

आमच्या घराच्या पश्चिमेला, गल्ली ओलांडली की समोर, पहिल्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. पाचोडकडच्या. साड्यांना पिको-फॉल करतात. त्यांना बॅग देताना मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, "त्यात काय लाजायचं ताई? आमच्याकडंबी ठिवत्यात. आन् तुम्ही जावा बिनघोर. लई केलं तुम्ही. दोन दिस तं सोताचे घ्या."

शुक्रवारी मुलगा सकाळीच आला. मी यांची कूस बदलली, केस विंचरले. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडलं. "जा," म्हणाले. मी समोरून बॅग उचलली आणि रिक्षानं स्टेशनवर गेले.

गाडी वेळेवर आली. डबाही बरोबर माझ्यासमोर थांबला. दाराला लोखंडी दांडा होता, तो धरायचा आणि पाय टाकायचा, एवढंच काम. मी दांडा धरला. आणि मला एक विचार आला. उद्या वाळूवर जाऊन बसले आणि मला काहीच वाटलं नाही तर? लहानपणी गाड्या बघत होते तेव्हापासून एक गोष्ट बाकी आहे, एवढ्यावर मी दिवस ढकलत आले होते. वाईट दिवस आला की मनात म्हणायचे, समुद्र राहिलाय अजून. तो बघूनही आत असंच कोरडं राहिलं तर मग मी परत येऊन कशाच्या जोरावर उठणार होते? मागं कुणीतरी म्हणालं, "चढायचं का नाय ओ बाई?" मी बाजूला झाले. ते चढले. आणखी दोघं चढले. गाडी हलली, आणि मी फलाटावर होते.

मला कुणी अडवलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मुलानं नाही, पैशानं नाही. अडवलं असतं तर आज त्यांच्या नावानं बोटं मोडता आली असती. तीही सोय राहिली नाही.

घरी जायची हिंमत नव्हती. मुलगा सुट्टी टाकून आलेला, यांनी मनगट सोडलेलं. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी वडिलांची अट कामाला आली. प्रवास केल्याशिवाय प्रस्थान घरी आणायचं नाही. रिक्षा मागच्या गल्लीत थांबवली आणि बाजूच्या जिन्यानं समोरच्या बाईंकडे चढले.

"काहून माघारी आल्या? गाडी चुकली व्हय?"

"नाही. मी चढलेच नाही."

त्यांनी मशिनीवरचं कापड बाजूला सारलं, चहा टाकला. "ऱ्हावा इथं," म्हणाल्या. "मी कोणाला सांगत नाय."

दोन दिवस मी त्यांच्या खिडकीत बसले. त्यांनी पिकोच्या मशिनीमागची खुर्ची मला दिली. खाली गल्ली, पलीकडे आमचं अंगण, टाकी, आणि यांच्या खोलीची खिडकी. तिला डासांची जाळी लावलेली, त्यामुळे दिवसा आत नुसता अंधार दिसायचा. आमच्या खिडकीवर पुढं आलेला पत्रा आहे. आमच्या खोलीत उभं राहिलं की त्या पत्र्याखालून फक्त गल्ली दिसते, समोरचा पहिला मजला झाकला जातो. हे मला चार वर्षं माहीत होतं. म्हणून मी निर्धास्त बसले होते.

शनिवारी सकाळी, वहीप्रमाणे मी ओहोटीच्या वाळूवर चालायची त्या वेळी, गल्लीत नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आठवड्यानं येतं, तासभर टिकतं आणि मोटर लावली नाही तर टाकी कोरडी राहते. कागदावर मी सगळं लिहिलं होतं, पाणी लिहायचं राहिलं होतं. गल्लीभर मोटरी सुरू झाल्या. आमची होईना. मी ओरडणार तोच बाईंनी माझा दंड धरला आणि स्वतः खिडकीतून वाकून हाक मारली, "आरं बाबा, पाणी आलं ना! मोटर लाव!" मुलगा धावत अंगणात आला. दहा मिनिटांत त्यानं टाकी भरायला लावली, बादल्या भरल्या, अंगणही धुतलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटलं, बघ, तुझ्यावाचून काहीही अडत नाही, आणि तरी तुला जाता आलं नाही.

दुपारी जेवताना बाई म्हणाल्या, "आजून उद्याचा दिस हाय. सकाळची गाडी धरा. तोंड बघून या दर्याचं, आन् या माघारी." मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. संध्याकाळी आमच्या खोलीत दिवा लागला तेव्हा जाळीआडचं थोडं दिसलं. मुलगा यांना भरवत होता. मध्येच हनुवटीवरचा भात चमच्यानं टिपून घेत होता, अगदी मी टिपते तसा. मी बाईंना दिवा लावू दिला नाही. अंधारात बसून दोघींनी बघितलं.

रविवारी संध्याकाळी तोंड धुतलं आणि बॅग घेऊन घरी गेले. मुलानं दारातच विचारलं, "कसा होता?" आणि मी सुरू झाले. ओहोटीला पाणी किती आत जातं, ओली वाळू पायाखाली कशी घट्ट लागते, वारा दुपारी समुद्राकडून का येतो. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण मी पोटभर वाढला. बावीस वर्षांचं पाठांतर कामी आलं. मुलगा खूश झाला. बॅग पाठीला लावता लावता म्हणाला, "बघ, जमलं ना? एकदा जाऊन आलीस, आता माझ्याही जिवाला बरं वाटलं." तो मध्यरात्रीच्या आत पुण्याला पोचायचं म्हणून लगेच निघाला. माझी पाळी संपली होती. पुन्हा कोणत्या तोंडानं मागणार होते?

यांनी काही विचारलं नव्हतं. मी सांगत होते तेवढा वेळ ते खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, थकलेत.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे त्यांची कूस बदलायला गेले. उशी सरकली होती. ती नीट करायला मी खाटेवर गुडघा टेकला आणि खाली वाकले, तेव्हा माझं डोकं त्यांच्या डोक्याशेजारी आलं. चार वर्षांत हजारदा वाकले असेन, पण त्यांच्या उशीवरून बाहेर कधी बघितलं नव्हतं. खालून बघितलं की पत्रा मध्ये येत नाही. समोरच्या बाईंची खिडकी अख्खी दिसत होती. जाळीतून आतून बाहेरचं लख्ख दिसतं. मशिन, मशिनीमागची खुर्ची. खिडकीच्या गजावर माझा टॉवेल वाळत होता, तो मी तिथंच विसरले होते.

मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. दोन दिवस त्या कुशीवर असताना ते तिकडेच बघत पडलेले होते, आणि मुलासमोर मी वाळू आणि वारा सांगत होते तेव्हाही. मी म्हटलं, "बघितलंत?" ते म्हणाले, "हो." मी रडले नाही. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं आणि कूस दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे वळवली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. संध्याकाळी काम आवरून मी अजूनही त्यांच्याजवळ नुसती बसते. ते बघतात, डावा हात माझ्या हातावर ठेवतात. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला एकदाही "जा" म्हटलेलं नाही. पाच शब्द होते त्यांच्याकडे. आता चारच आहेत.