उंबराचा कौल

मी लिहायला बसलोय खरा, पण हे धाडस आहे हे मला कळतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि सहीपलीकडं कुणी काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. भाषा कच्ची वाटली तर सांभाळून घ्यावं. आमच्या नदीकाठच्या एका उंबराविषयी सांगायचं आहे. तो माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असलेली माणसं गावात आहेत, पण ती लिहीत नाहीत.

आमचं गाव आजऱ्याच्या पश्चिमेला. डोंगर थेट नदीपर्यंत उतरलाय. मधे चिंचोळी पट्टी उरते, तिच्यात आमचं भात. त्या पट्टीच्या टोकाला, आमच्या बांधावर, हा उंबर. त्याची निम्मी मुळं जमिनीत आणि निम्मी पाण्यात. उन्हाळ्यात नदी तुटते, जागोजागी नुसती डबकी राहतात, पण उंबराखालचा डोह आटत नाही. पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की मासे चहूकडून गोळा होत. वर शेकरू असायचं. कधी धनेशाची जोडी यायची, तिच्या पंखांचा आवाज शेतात वाकलेल्या माणसालाही मान वर करायला लावायचा. सकाळी ओल्या वाळूत पाणमांजराच्या पावलांचे ठसे आणि फोडलेल्या खेकड्यांची कवचं दिसत. सगळ्या नद्या अशाच असतात असं मला वाटायचं. कोल्हापुरात आल्यावर पहिल्यांदा पंचगंगेच्या घाटावर गेलो, तेव्हा माझी नजर आपोआप ठसे शोधत राहिली.

पण नदीला पूल नव्हता. हायस्कूल पलीकडच्या गावात, म्हणून पावसाळाभर मी तिकडं आत्याकडं राहायचो. रविवारी आई उंबराखाली येऊन उभी राहायची, मी पलीकडच्या काठावर. मधे लाल पाणी. ती हातवारे करून काहीतरी सांगायची. पाण्याच्या आवाजात एक शब्द कळायचा नाही, तरी मी मान हलवायचो. पाणी ओसरल्यावर घरी गेलो की ती विचारायची, "सांगिटलेलं केलंस काय?" मी म्हणायचो, "केलं की."

अजूनही पावसाळ्यात एसटी पलीकडच्या काठालाच सोडते. त्यामुळं पूल मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. मग मोजणीवाले आले आणि उंबराच्या बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा मारून उभे राहिले.

"पावणं, ह्यो रंग कशाला?" आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

"पुलाचं टोक हितंच येणार, काका. झाड काढावं लागंल. तुमची संमती पायजे."

आबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "देवाला इचारतो," एवढंच म्हणाले.

आमच्याकडं मोठ्या गोष्टीला ग्रामदेवाचा कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना कौल लावला. अर्धं गाव देवळात बसलं होतं.

"देवा, पुलासाठी उंबर तोडू काय?" गुरवानं विचारलं.

डावी पाकळी पडली.

मग एक म्हातारा खाकरला. "प्रश्न चुकला असंल. तोडू काय म्हटल्यावर देव व्हय कसा म्हनंल?"

गुरवानं पाकळ्या पुन्हा चिकटवल्या. "देवा, बदली दुसरं झाड लावतो. मग तर चालंल काय?"

दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या. आम्ही बसून राहिलो. शेवटी माझी चुलती म्हणाली, "ही काय कॉलेजची परीक्षा हाय व्हय, नापास झालं की परत बसायला?" आणि तिनं माझ्याकडं बघितलं. देऊळभर हसू फुटलं. आबाही हसले.

"देव इचार करतोय," गुरव म्हणाला. "अमावस्येला बघू."

घराकडं येताना आबांनी विचारलं, "तू शिकलायस. तुला काय वाटतंय?"

मुळांनी काठ धरलाय, डोहातले मासे त्याच्या फळांवर जगतात, असं काहीबाही मी बोललो.

"आन् पूल?"

मी गप्प झालो.

"मग तू बी देवागतच," आबा म्हणाले.

कोल्हापूरला परत आलो. परीक्षा जवळ आली होती. फोनवर विचारलं की आई म्हणायची, "अजून काय न्हाय. तू अभ्यास कर." अमावस्या होऊन गेली तरी तेच. अभ्यासाला बसलो की पानाऐवजी डोह दिसायचा. मी मनातल्या मनात कौलासाठी प्रश्न तयार करायचो, पण पूल आणि उंबर दोन्ही राहतील असा प्रश्न मला एकदाही जमला नाही.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा आईचाच फोन आला.

"कौल उजवा पडला," ती म्हणाली. "ह्या खेपेला गुरवाला बाजूला बसवून आबांनीच इचारलं."

"काय इचारलं?"

"पोरगं पावसाळ्यात घरला यावं काय, एवढंच. उंबर गेल्या आठवड्यात तोडला."