आत्याची उडी, उजवीकडून डावीकडे

गंगापूर रोडवरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी बॅनर करते. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे, श्रद्धांजलीचे. मध्ये एक मोठे भाऊ आणि कडेने पंधरा-वीस छोटे भाऊ. आमच्या धंद्यात एक नियम आहे. कडेच्या सगळ्यांनी मधल्याकडे बघायला हवं. एखाद्याचं तोंड रस्त्याकडे असलं की त्याचा फोटो उलटा करायचा, म्हणजे आरशात दिसतो तसा. एका बटणाचं काम. त्यात कुणाचं घड्याळ या मनगटावरून त्या मनगटावर जातं, कुणाचा तीळ गाल बदलतो. आजवर एकाही भाऊंनी तक्रार केलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ह्याच बटणाने माझी फजिती केली.

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मी कॉलेजपासून वाचते. लोक मोबाइलवर रील बघतात, मी मांगा बघते. एक दिवस वाचता वाचता एका जपानी स्पर्धेची जाहिरात दिसली. स्वतः रचलेली छोटी मांगा पाठवायची. काळी-पांढरी. त्यात एकही शब्द नको, सगळं चित्रांतून कळलं पाहिजे. आणि वाचायची जपानी पद्धतीने, उजवीकडून डावीकडे. माझं जपानी शून्य, इंग्रजी लंगडं, आणि इथे शब्दांनाच बंदी! मला वाटलं, ही स्पर्धा कुणीतरी माझ्यासाठीच काढली आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी नियम पुरते वाचायच्या आधीच पेन्सिल घेऊन बसले.

गोष्ट कुठली, हा प्रश्न मला पडलाच नाही. आत्याची उडी.

जुन्या नाशकात रहाडी आहेत, रस्त्याखाली पुरलेले दगडी हौद. वर्षभर त्यांच्यावरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, नवख्या माणसाला पत्ताही नसतो. रंगपंचमी जवळ आली की चौक खणून रहाड उघडतात, धुतात, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरतात, पूजा करतात आणि मग माणसं काठावरून धाडकन आत उडी घेतात. आम्ही त्याला धप्पा म्हणतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. आत्याच्या चौकातली पिवळी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मली त्या चौकात, लग्न करून गेली तीही त्याच गल्लीत, आणि आता चौकावरच दुसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये राहते. लहानपणी तिला धप्पा मारायचा होता. मुलींनी मारायचा नाही असं आजोबा म्हणाले आणि विषय संपला. माझे वडील पिवळेधमक होऊन घरी यायचे आणि त्यांचा शर्ट बादलीत भिजवायचं काम आत्याकडे. त्या पाण्यात ती कोपरापर्यंत हात बुडवून बसायची. रहाडीतला माझा वाटा तेवढाच, असं ती अजून हसत सांगते. मला तिच्या त्या हसण्याचा फार राग येतो. आता काही ठिकाणी बायकांसाठी वेगळी वेळ ठेवतात, पण आता आत्याचा गुडघा तिला जिनासुद्धा उतरू देत नाही.

म्हणून ठरवलं, कागदावर तिला उडी मारायला लावायचीच. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काढ की, कागदावर कुठे गुडघा दुखतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला, झाली का म्हणून. त्यानंतर रोज.

अडचण एकच होती. रंगाची गोष्ट आणि रंगालाच मनाई. पिवळा दाखवायचा कसा? दुकानात श्रद्धांजलीचा बॅनर करताना ते अचानक सुचलं. सगळ्या पानांवर बारीक करड्या ठिपक्यांची छटा द्यायची, भिंतींना, साडीला, आभाळालासुद्धा. आणि आत्या पाण्यात पडली की ठिपके एकदम गायब. पुढचं पान लखलखीत पांढरं. मी खुर्चीत मोठ्याने हसले. समोर बॅनर न्यायला आलेली मंडळी बसली होती. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली वाकून माउस शोधायचं सोंग केलं.

मग जेवणाच्या सुट्टीत, रविवारी, गॅसवर दूध ठेवून, जमेल तेव्हा काढत गेले. दोनदा दूध उतू गेलं. चौकटी भराभर उतरत होत्या. गॅलरीतून बघणारी आत्या, बादलीतले हात, जिना, पूजा, काठ, उडी. इतका आनंद मला या हाताने कधी दिला नव्हता. शेवटची रेघ ओढली आणि लक्षात आलं की सगळी गोष्ट मी डावीकडून उजवीकडे काढली आहे. जन्मभर जसं लिहिलं, तसाच हात चालला होता.

पण मी फ्लेक्सवाली. घाबरले नाही. सगळी पानं स्कॅन केली, निवडली आणि बटण दाबलं. डावीकडचं उजवीकडे गेलं, आत्या उजवीकडून डावीकडे उडी मारू लागली. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, एक नंबर, पाठवून टाक.

पाठवायच्या आधी आत्याला दाखवायला गेले. तिला आधी सांगितलं की हे उजवीकडून बघायचं. तिने चष्मा पुसला, टॅब मांडीवर घेतला आणि एकेक चित्र निरखून बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. उडीवर आल्यावर ती थांबली.

"ही मी नाही," ती म्हणाली.

मग तिने बोटाने दाखवलं. पदर उजव्या खांद्यावर. मंगळागौरीच्या फुगडीपासून आजवर तिचा पदर कधी त्या खांद्यावर गेला नव्हता. आणि ही बाई रहाडीला हळदकुंकू वाहत होती, ते चक्क डाव्या हाताने. भाऊंचं घड्याळ कुणी बघत नाही, पण डाव्या हाताचं कुंकू आत्याला गल्लीच्या टोकावरून दिसतं.

मला आधी तिचाच राग आला. मुदत दोन दिवसांवर आली होती. मी म्हटलं, जपानमधल्या परीक्षकांना काय कळतंय पदर कुठल्या खांद्यावर घेतात ते.

"त्यांना नाही कळणार गं," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांनी उडी मारायची, आणि ती पण दुसऱ्याच कुणीतरी?"

मी टॅब परत घेतला. बऱ्याचशा चौकटी होत्या त्याच जागी ठेवून त्यांच्या आतलं चित्र पुन्हा सुलटं करता आलं. पूजेचा हात उजवा झाला, पदर घरी परतला. पण उडीची चौकट तशी करून चालेना. ती वाचणाऱ्याच्या नजरेबरोबर डावीकडेच जायला हवी होती, नाहीतर आत्या पुढे झेपावण्याऐवजी माघारी निघालेली दिसली असती. म्हणजे तीच बाई, तीच उडी, पण दुसऱ्या बाजूने, नव्याने काढायची. आणि त्या बाजूने ती कशी दिसेल ते मला डोळ्यांपुढे येईना.

आत्या उठली. तिच्या खोलीतून गॅलरीत उतरायला एक पायरी आहे. ती त्या पायरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. म्हणाली, बस तिकडे आणि बघ. तिने पदर कमरेला घट्ट खोचला. उजवा पाय पुढे काढला, कारण चांगल्या कामाला उजवाच पाय. डाव्या हाताने नाक धरलं. डोळे उघडे ठेवले. डोळे मिटायचे नाहीत, ती गेंगाण्या आवाजात म्हणाली, नाहीतर उडी मारून उपयोग काय. मी थक्क झाले. तिला काही आठवावं लागत नव्हतं, काही ठरवावं लागत नव्हतं. ही उडी तिच्याकडे कधीची तयार होती.

मग तिने उजवा हात वर केला.

मी विचारलं, "हा कशाला?"

"वर गॅलरीत एखादी उभी असेल ना बघत," आत्या म्हणाली. "तिला हात करायचा."

आणि ती उडाली. एका पायरीची उडी, दोन्ही पाय एकदम, गुडघ्याची पर्वा न करता. खाली टेकल्यावर कठड्याला धरून उभी राहिली आणि "आई गं" म्हणत हसायला लागली. हे हसणं वेगळं होतं. मला रडू येत होतं आणि पेन्सिल थांबत नव्हती. तिथेच, फरशीवर बसून, मी ती चौकट काढली. वरच्या गॅलरीत दोन वेण्यांची एक मुलगीही काढली, कोपरापर्यंत हातांवर ठिपके नसलेली.

मुदत संपायच्या दुपारी पानं पाठवली आणि गंगेत घोडं न्हालं. मालकांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, एवढ्यासाठी परत काढलंस? पण त्या दिवशी एका भाऊंचा फोटो उलटा करताना ते जरा थबकलेले मी पाहिले.

निकाल अजून लागायचा आहे. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी स्पर्धेची साइट उघडते. पण आलेल्या सगळ्या मांगा त्यांनी साइटवर लावल्या आहेत, कुणालाही बघता येतात. परवा आत्याच्या फोनवर माझी उघडून दिली. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आधी पदर तपासला, मग कुंकवाचा हात, मग पाय. फोन घेऊन सरळ शेजारच्या काकूंच्या दाराशी गेली आणि बेल वाजवली. मी मागे उभी होते.

काकूंनी आपल्या सवयीने डावीकडून बघायला सुरुवात केली. म्हणाल्या, ही बाई पाण्यातून वर का येतेय? आत्याने त्यांचं बोट धरलं आणि उचलून पानाच्या उजव्या कडेवर ठेवलं.

"इथून बघा," ती म्हणाली. "आधी काठावर उभी आहे ना, ती मी."