पन्हळीचं तोंड

सगळ्या पर्लिन उलट्या बसल्या होत्या, आणि त्या बसवणारे विठू मिस्त्री खाली उभे राहून मुलीच्या लग्नाचा मांडव बघावा तसे कौतुकानं वर बघत होते.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. कल्याणला एका गोदामाच्या शेडचं काम चाललं होतं. पर्लिन म्हणजे छपराचे पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या तुळया. पोलाद परमिटवर मोजकंच मिळे, म्हणून जाड तुळयांऐवजी मी पातळ पत्रा पन्हळीसारखा वाकवून त्या डिझाइन केल्या होत्या. अशी तुळई वजनानं मोडायच्या आधी पिळली जाते. कुशीवर ठेवलेल्या या पन्हळीचं उघडं तोंड छपराच्या चढाकडे ठेवलं की पीळ कमी बसतो. मिस्त्रींनी ते उताराकडे केलं होतं.

"मिस्त्री, ड्रॉइंगमध्ये तोंड चढाकडे दाखवलंय."

"बघितलं साहेब. पन त्यात पानी साचनार, दोन पावसात गंजनार. म्हटलं तुमची चूक झाली असंल. फिरवलं."

माझी चूक त्यांनी परस्पर पोटात घातली होती! राग आला, हसूही आलं.

एक पर्लिन जमिनीवर तिरक्या ठोकळ्यांवर ठेवली, तोंड उताराकडे. मिस्त्री मधोमध उभे राहताच ती पायाखाली कलंडायला लागली. तोंड फिरवलं, ते पुन्हा चढले. या वेळी ती जागची हलली नाही.

मिस्त्रींनी टोपी काढली. "हे आधी का नाय सांगितलं?"

तेवढ्यात आमच्या कंपनीचे मॅनेजर आले. "चार दिवस फुकट! या मिस्त्रीला आजच घरी पाठवा."

मिस्त्री टोपी घालून हत्यारं गोळा करायला लागले.

"साहेब, पाण्याचं त्यांचं बरोबर आहे," मी म्हणालो. "माझ्या ड्रॉइंगमध्ये पाणी जायला भोकच नाही. आणि तोंड तिकडे का, तेही मी लिहिलेलं नाही."

"म्हणजे चूक तुमची?"

"निम्मी तरी. पाठवायचं तर दोघांना पाठवा."

मॅनेजरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "चार दिवसांत शेड उलटी करून द्या."

"सुलटी," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींनी पर्लिन फिरवल्या. भोकं मी स्वतः पाडली, आणि ते प्रत्येक भोकात बोट घालून बघत होते. पहिल्या पावसात दोघांनी छत्र्या धरून बाहेर येणारं पाणी बघितलं.

त्यानंतर ड्रॉइंगवर नुसता बाण कधी काढला नाही, शेजारी कारण लिहिलं. मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. पण ड्रॉइंगवर सही करताना अजून हात थांबतो. वाटतं, आत्ता विचारतील, "आनि पानी कुठनं जानार, साहेब?"