मागच्या बाकावरून दिसलं पाहिजे

दिगंबर सरांची आणि माझी ओळख एका तापलेल्या डब्यामुळे झाली. किनवटजवळच्या आमच्या निवासी शाळेत दहावीच्या विज्ञानाला शिक्षक नव्हते आणि मी पडले मराठीची बाई. मुलींची सारी भिस्त टीव्हीला जोडलेल्या तळहाताएवढ्या डब्यावर आणि पेनड्राइव्हमधल्या धड्यांवर होती. पण नवे धडे लावले की चित्र अडखळायचं, आवाज पुढे पळायचा. डबा तापतो म्हणून मुली पाळीपाळीने त्याला पुठ्ठ्याने वारा घालायच्या. मला ते शहाणपणाचं वाटायचं, हे आज कबूल करते. परीक्षा तर तोंडावर आली होती.

लातूरच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही शिकवून निवृत्त झालेले सर मुदखेडला राहतात, असं कळलं. फोन केला, तर दुसऱ्याच दिवशी ते रेल्वेने हजर! त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. आधी पालथा हात डब्यावर ठेवला. मग स्वतःकडचा एक जुना व्हिडिओ लावून पाहिला. तो अगदी सुरळीत चालला.

"बाई, डबा चांगला हाय," सर म्हणाले. "व्हिडिओ उलगडायला त्याच्या चिपमधी एक गिरणी असती. हे नवे धडे कमी जागेत मावावेत म्हणून ज्या पद्धतीनं आवळलेत, ती त्या गिरणीला येतच न्हाई. म्हणून बिचारा प्रोसेसर जात्यावर लग्नाचं दळण काढून राहिलाय. वारा घालून काय होणार?"

मुली खो खो हसल्या, मी खजील झाले. सत्तरी ओलांडल्यावर हे सगळं कुठे शिकलात, असं विचारलं. "चुकत चुकत," एवढंच ते म्हणाले.

धडे घरी नेऊन त्यांनी जुन्या पद्धतीत बदलून आणले. डबा गार, चित्र झकास. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर मात्र उठून मागच्या बाकावर सुनीताजवळ जाऊन बसले आणि तिला पेशीच्या आकृतीतली नावं वाचायला सांगितली. तिने डोळे बारीक केले.

"न्हाई दिसत, सर. अक्षरं फिसकटल्यात."

सरांचा चेहरा उतरला. "चूक माझी हाय, पोरी. लई आवळलं मी."

आमची काही तक्रार नव्हती, तरी ते सगळेच्या सगळे धडे परत घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात ते कमी आवळून घेऊन आले, ते थेट त्याच बाकावर. सुनीताने मोठ्याने वाचलं, "तारककेंद्र!" मला भरून आलं. एवढ्या ज्ञानाच्या माणसाने एका मुलीच्या डोळ्यांपुढे इतकं नमावं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या सगळ्या मुली विज्ञानात उत्तीर्ण झाल्या. सरांनी सत्कार नाकारला, चहा मात्र दोनदा घेतला. सुनीता आज लातूरला नर्सिंग शिकते आहे. आणि मी फळ्यावर काही लिहिलं की आधी मागे जाऊन पाहते.

सर, पंचाहत्तरीनिमित्त आपणांस उदंड आयुष्य आणि निकोप प्रकृती लाभो. या मागण्यात आमचा स्वार्थ आहेच, कारण यंदा पुन्हा नवे धडे आले आहेत. मागचा बाक आम्ही पुसून ठेवला आहे.