हिल्डानं सुधारलेली माणसं

हिल्डा स्टॉरबद्दल लिहायला बसलोय खरा, पण मी काही लेखक नव्हे. मी युनिव्हर्सिटीच्या इंग्रजी विभागात टेपवाला होतो. माणसांचं बोलणं टेप करायचं, मशीनं दुरुस्त ठेवायची आणि प्रोफेसर लोकांच्या तोंडी लागायचं नाही, एवढंच माझं काम. शेवटचं मला कधी जमलं नाही.

आमचे प्रोफेसर लॅथम इंग्रजीचं व्याकरण लिहीत होते. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, ते तर शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. पण शाळेतलं व्याकरण सांगतं की असं बोला. लॅथम म्हणायचे, अरे बाबांनो, आधी माणसं कशी बोलतात ते तर ऐका. म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडायचो. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या चहाला, वकिलांच्या जेवणाला. मी आणलेली टेप हिल्डा ऐकायची आणि चिठ्ठ्यांवर टाइप करायची. एका चिठ्ठीवर पंधरा ओळी, आणि कार्बन लावून तिच्या बारा प्रती. एक प्रत क्रियापदांच्या खणात, एक नकारांच्या, एक प्रश्नांच्या. अशा खणांनी आमची एक भिंत छतापर्यंत भरली होती.

नियम एकच होता: ऐकू आलं तसं. माणूस अडखळला तर अडखळणंही टाइप करायचं, वाक्य अर्ध्यात सोडलं तर अर्धंच ठेवायचं.

हिल्डा पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातली. बाप बोटीबरोबर गेला तो परत आलाच नाही. आई मार्था धक्क्यावर हेरिंग मासे साफ करायची. त्या बाईनं पोटाला चिमटा घेऊन लेकीला शहरात टायपिंग शिकायला धाडलं. तिथं हिल्डाला पहिलं बक्षीस मिळालं ते कशाचं, तर साहेबानं कसंही वेडंवाकडं सांगितलं तरी कागदावर शुद्ध उतरवण्याचं. आणि नोकरी लागली ती आमच्याकडे. धोब्याला कपडे धुवायला द्यायचे आणि डाग जपून ठेव म्हणायचं, त्यातला प्रकार.

पण बाई तयार झाली. आठ वर्षांत तिचा कान असा झाला की टेपवर कुणी नुसता श्वास घेतला तरी ती म्हणायची, "आता हा थाप मारणार बघ." आणि मारायचाच. परदेशातून विद्वान यायचे, लॅथमना नमस्कार-चमत्कार करायचे आणि खरं ते हिल्डाला विचारायचे. मला याचा फार अभिमान होता. तिला होता की नाही, देव जाणे. ती आपली मान खाली घालून टाइप करायची.

एकाहत्तर साली आमच्याकडे डॉक्टर प्रेस्टविच आले. वय बत्तीस, पंथ नवा. त्यांचं म्हणणं, भाषेचे नियम माणसाच्या डोक्यात असतात. खुर्चीत बसा, हे वाक्य चालेल का, ते चालेल का, असं स्वतःला विचारा, उत्तर मिळतं. ही कागदांची रद्दी कशाला? माणूस हुशार होता, नाही म्हणत नाही. पण नाकानं कांदे सोलायचा. जूनमध्ये विभागाची समिती ठरवणार होती की चिठ्ठ्यांचं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं. सगळी भिस्त लॅथमच्या पुस्तकावर होती. छापखान्यातून मुद्रितं, म्हणजे तपासायची कच्ची पानं, आली होती, आणि त्यातलं प्रत्येक उदाहरण चिठ्ठीशी ताडून बघायचं काम हिल्डाचं.

एका दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"हर्ब, माझ्या गावची टेप आहे का रे?"

आमच्याकडे टेप महाग. टाइप झालं की पुसून पुन्हा वापरायची, अशी पद्धत. पण ती टेप मी ठेवली होती. धक्क्यावरच्या बायका इतक्या शिव्या देत होत्या की पुसायला जीव झाला नव्हता. लावली. हिल्डा मुद्रित घेऊन समोर बसली. दहा मिनिटांत माझ्याही ध्यानात आलं. टेपवर एक, कागदावर भलतंच.

"हे काय गं?"

"नोकरी लागून दोनच महिने झाले होते," ती म्हणाली. "तू म्हणालास, तुझ्या गावी नेतो मशीन. नेलंस. टेप आली आणि त्यात आमची आई. वाटलं, इथले सगळे हे वाचणार आणि हसणार. मग मी आईला सुधारलं. एकटी आईच कशी सुधारणार, म्हणून सगळ्याच बायकांना सुधारलं. सातशे चिठ्ठ्या, हर्ब."

मी कपाळाला हात लावला. कारण लॅथमच्या सातव्या प्रकरणात ठासून लिहिलं होतं की चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या धक्क्यावरच्या बायकासुद्धा क्रियापदं पुस्तकात असतात तशीच वापरतात. त्यांना याचं मोठं नवल वाटलं होतं. विद्वान माणूस नवल वाटलं की हरखतो, तपासत बसत नाही.

"कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"तुला आणि मला."

"मग झालं तर. चिठ्ठी आणि मुद्रित जुळतंय ना? तोंड मिटून बस. मी ही टेप आत्ता पुसतो." मी बटणावर बोट ठेवलंसुद्धा. खोटं कशाला बोलू. हिल्डाची नोकरी गेली असती तर माझंही काम गेलं असतं.

तिनं माझा हात धरला. "आई आहे त्यात."

मार्था स्टॉर दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी बोट काढलं.

"काढून टाकतील तुला."

"टाकू देत. लोकांनी हे पुस्तक वाचून म्हणायचं की माझी आई अशी बोलायची? ती अशी कधीच बोलली नाही रे."

बुधवारी साडेतीनला विभागाचा चहा असायचा. हिल्डा कधी यायची नाही, त्या दिवशी आली. उभी राहिली आणि जे झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. लॅथम पांढरेफटक पडले. मला त्यांची दया आली, आणि हिल्डाची काळजी वाटली.

प्रेस्टविच मात्र खूश. "मी इतके दिवस काय सांगतोय? कागदावर भरवसा ठेवला की हे असं होतं."

हिल्डा त्यांच्याकडे वळली. "डॉक्टर, चूक माझी आहे, कागदाची नाही. आणि मी काय काय बदललं ते कळलं टेप पुन्हा ऐकल्यावर. खुर्चीत बसून मला ते जन्मात कळलं नसतं. खुर्चीत बसूनच तर मी ती चूक केली होती."

लॅथम माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्टर ग्रिम्शॉ, ती टेप इथे आणता का?"

ग्रिम्शॉ म्हणजे मी. मशीन आणलं, लावलं. सुऱ्यांचा आवाज, समुद्रपक्षी, मग बायका. बोलणं किनाऱ्यावरचं, अस्सल. मधेच मी टेपवर कुणाला तरी विचारतोय, तुमची मुलगी काय करते हो? आणि मार्था:

"आमची हिल्डी व्हय? ती इद्यापीठात हाय. तितं समदं सायेब लोक बोलत बसत्यात. पर लिवतंय कोन? आमची हिल्डी. ती न्हाई लिवली तर त्येंच्या बोलन्याला इचारतंय कोन?"

खोलीत आधी लॅथम हसले. मग सगळेच, प्रेस्टविचसुद्धा. त्या हसण्यात टवाळी नव्हती. हिल्डा तेवढी हसली नाही, रडत होती.

"हे कुठल्या चिठ्ठीवर आहे?" लॅथमनी विचारलं.

"कुठल्याच नाही, सर. हे मी गाळलं होतं."

"मिस स्टॉर, सातवं प्रकरण मी परत मागवतो. चिठ्ठ्या तुम्ही पुन्हा करणार. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या कानावर माझा विश्वास नाही."

हिल्डाचं म्हणणं समितीला पटलं; जूनमध्ये काम चालू ठेवायचं ठरलं. हिल्डानं सातशेच्या सातशे चिठ्ठ्या नव्यानं केल्या आणि जुन्या स्वतःच्या हातानं फाडल्या. पुस्तक वर्षभर लांबलं. नवं सातवं प्रकरण मार्थाच्या वाक्यानं सुरू होत होतं. बोलणाऱ्याचं नाव न देण्याची आमच्याकडे रीत, म्हणून नुसतं 'मासे साफ करणारी स्त्री, वय एकसष्ट'.

त्याचं मुद्रित आलं तेव्हा मी तिच्या टेबलाशीच उभा होतो. छापखान्यातल्या कुणा भल्या तपासनिसानं मार्थाचं अख्खं वाक्य लाल शाईनं शुद्ध करून पाठवलं होतं. क्रियापदं दुरुस्त, नकार दुरुस्त, सगळं पुस्तकात शोभेल असं. मला वाटलं, आता ही भडकणार. ती भडकली नाही. तिनं निळी पेन्सिल घेतली, लाल शाईवर एकेक रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'मूळ वाक्य बरोबर आहे. हात लावू नये. ती माझी आई होती.' आणि खाली पूर्ण नावानं सही केली.