पिल्लांवरची मरळ

मंडळी, मोठी मरळ कशी धरायची हे मी गळवाल्यांच्या या ग्रुपवर लिहिलं, ती माझी चूक झाली.

ती पद्धत बसवायला मला तीन वर्षं लागली. मरळ हवा घ्यायला वर येते. ती दोनदा कुठे वर आली ते बघायचं आणि मग गळ तिच्या वाटेवर टाकायचा. त्यासाठी आधी तासभर गप्प बसावं लागतं.

आज सकाळी इगतपुरीजवळच्या धरणावर ग्रुपमधले एक साहेब ते शिकायला आले आणि दहा मिनिटांत कंटाळले. काठाशी मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका दिसताच त्यांनी गळ थेट त्यात टाकला. राखणीला असलेली मरळ धावून आली आणि अडकली.

शेजारी जाळं धुणाऱ्या हिराबाई म्हणाल्या, "पिल्लावरची मरळ आमी नाय धरत, साहेब. सोडा तिला."

मीही तेच सांगितलं. साहेब हसले. "मॅडम, तुमच्यापेक्षा माझी पद्धत झटपट आहे." मासा पिशवीत घालून ते निघून गेले.

हिराबाई आणि मी पिल्लं खायला आलेल्या इतर माशांना काठीने हुसकावत राहिलो. तासाभरात एकही पिल्लू दिसेना.

साहेबांचा मरळीसोबतचा फोटो इथे येईलच. त्याखाली तुम्ही काय लिहिणार आहात?