अंदमानातली राखण

पिंप्राळ्यात आमच्या शेजारचे आबा रोज सकाळी गच्चीवर जाऊन ‘हाऽऽ होऽऽ’ ओरडतात. गच्चीवर ना वाळवण असतं, ना दाणा. शिंदखेड्याकडे लहानपणापासून ज्वारीवरची पाखरं हाकलली, तो आवाज गळ्यातच राहिला. एरवी त्यांचं बोलणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही. माझी झोप मोडते, पण वडीलधाऱ्या माणसाला सांगणार कोण?

यंदा अंदमानच्या सहलीला आबाही आमच्यासोबत होते. बोटी, घाम, पहाटे निघायच्या हाका. सगळे पार शिणलो होतो. गाइडने पोपट दाखवायला एका झाडाखाली गुपचूप उभं केलं. किती वेळाने थवा फांदीवर उतरला, सगळ्यांचे मोबाइल वर गेले, आणि मागून ‘हाऽऽ होऽऽ!’ वर टाळीसुद्धा. फांदी रिकामी.

“यासाठी आलो का एवढ्या लांब?” कुणीतरी करवादलं. आबा आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच झाड. आबा सगळ्यांच्या मागे दगडावर बसले, हात मांडीखाली दाबून, खांद्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरून. थवा आला. पोपट एक फळ अर्धवट कुरतडून टाकत, दुसरं तोडत. मी मागे वळून पाहिलं. आबांच्या मानेची शीर ताठ झाली होती.

“बरं आहे ना आबा?” मी जवळ जाऊन विचारलं.

त्यांनी दातांतला रुमाल सोडला. “खाऊ दे भाऊ त्यासले,” ते हळूच म्हणाले. “आते राखनारा बी थकी गया.”